ओल्या रेघा

स्कूटरची वाट बघत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या बाईंचं पेपरातलं लक्ष उडालं. म्हाताऱ्या मिस्त्रीने जमिनीवर बादलीभर पाणी ओतून एका ट्रकवाल्याला त्यावरून त्याचा ट्रक न्यायला लावला होता.

"रेघा बघ. मागची चाकं पुढच्यांचा माग सोडून चाललीत. मागचा एक्सल सरकून तिरका बसलाय."

"पण गाडी सरळ जाते, मिस्त्री."

"उजव्या हाताने स्टिअरिंग सतत डावीकडे दाबून धरतोस म्हणून. कधीपासून चालवतोयस?"

"आठवडा झाला घेऊन. जुनी आहे."

"मग आधीच्या मालकाचा खांदा गेला असणार. उजवा."

"ओळखता त्यांना?"

"नाही."

"हात वर होत नाही त्यांचा. म्हणून तर विकली. डॉक्टरांनाही कळेना."

बाईंनी पेपर मिटला.

"मिस्त्री, काम मोठं आहे का?" ट्रकवाल्याने विचारलं.

"एक्सल धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक बोल्ट तुटलाय. तासाभरात होईल."