आभार न मानता

पातागोनियातली हातांच्या चित्रांची गुहा पाहून बस परत निघाली. माझ्या पुढच्या बाकावर लोकर कातरणारे म्हातारे एवारिस्तो आणि शेजारच्या रँचवरची विधवा नेलिदा. नळीनं प्यायच्या माते चहाचा एकच प्याला दोघांत फिरत होता; एवारिस्तो भरून देत, नेलिदा रिकामा करून परत करत.

"घ्या. आभार."

"आभार? म्हणजे बास? दोनच तर झाले!"

"अहो, चहाचे नाहीत. गुहा दाखवलीत, त्याचे."

"मग प्याला देताना म्हणू नये, बाई. 'आभार' ऐकलं की मी थर्मास बंद करतो."

"बरं, चुकलं. डावेच हात जास्त का हो तिथे?"

"उजव्यात रंग फुंकायची नळी धरत असतील. त्या मोठ्या हाताला लागून एक लहान हात होता, बघितलात?"

"बघितला. तुम्ही तिथेच किती वेळ उभे होतात, तेही बघितलं."

"नेलिदाबाई, या हिवाळ्यात माझ्या घरी राहायला याल? कायमच्या?"

"आधी प्याला भरा."

"भरला."

नेलिदानं तळाचा घोट वाजेपर्यंत नळी ओढली. मग प्याला परत गेला.

"'आभार' म्हणालात का?"

"अवाक्षर नाही. भरा पुढचा."