पाच मिनिटांचे गोळे

सोपं आहे म्हणे! पाच मिनिटांत होतात म्हणे! अहो, कोणाची पाच मिनिटं? तुम्हाला सांगतो, मला त्या प्रोटीन पावडरच्या डब्याचं झाकण उघडायलाच दहा गेली, आणि उघडलं तर माप कुठाय? तळाशी पुरलेलं! कोपरापर्यंत हात घातला तेव्हा सापडलं, तोवर मिशा पांढऱ्या... म्हणजे होत्याच, पण आता व्हॅनिलाच्या वासाच्या.

हौस नव्हती हो मला. महिनाभर तापात काढून बायको अडतीस किलोवर आलेली. घास पुढे केला की तोंड भिंतीकडे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, शुक्रवारी वजन करू. काटा अडतीसच्या खाली गेला तर दाखल करून घेणार, नाकातून नळी घालणार. प्रोटीन पोटात गेलं पाहिजे." नळी ऐकली आणि बायकोनं माझी बाही धरली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही. आणि तो होता बुधवार!

मुलगी लांब राहते, ती फोनवर सांगते, "बाबा, सोप्पंय! ओट्स, पीनट बटर, मध, दोन मापं पावडर. कालवा, गोळे वळा, फ्रीजमध्ये ठेवा. गॅससुद्धा पेटवायचा नाही!"

सोपं आहे म्हणे! अहो, मी चाळीस वर्षं भिंतींना गिलावा केलेला माणूस. कालवायचं म्हटलं की माझे हात माझं ऐकत नाहीत, सिमेंटचं ऐकतात. माल सैल वाटला... टाक पावडर. घट्ट झाला... मार पाणी. परत सैल... टाक पावडर! दोन मापांचा अख्खा डबा कधी झाला, कळलंच नाही. मग दाबला, घोटला, आत हवा म्हणून राहू दिली नाही. गोळे असे गुळगुळीत, की भिंतीला थापले असते तर घरमालक खूश! फ्रीजमध्ये ठेवले आणि सवयीनं दर तासाला उठून वरून पाणी शिंपडलं. ताज्या गिलाव्याला भेग पडू नये म्हणून शिंपडतात ना, तसं! हसा, हसा.

गुरुवारी सकाळी सुरी लावली. सुरी वाकली. एक गोळा हातातून सुटला, फरशीचा टवका उडाला, गोळ्याला ओरखडा नाही! उद्या वजन, डब्यात पावडर नाही, आणि आतून आवाज, "अहो, काय फोडताय?"

"काही नाही गं, तू पडून राहा."

"दाखवा आधी."

भिंत धरत धरत आली. तीन आठवडे घरात स्वतःहून मोरीच्या पलीकडे न गेलेली बाई! गोळा घेतला, ओट्यावर आपटला... टक्! माझ्याकडे बघितलं. "हे खाऊ की घर बांधू?" आणि हसली हो! मी नळीच्या धास्तीनं रडकुंडीला आलेला, आणि ही ओटा धरून हसतेय!

"सरका. हातोडी आणा तुमची. दूध गरम करा. केळं आहे का? इतकी वर्षं तुम्हाला स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही, ते काही उगाच नाही."

तिनंच फोडला गोळा, दुधात भिजवला, केळं कुस्करलं, बोट बुडवून चाटलं. "मध कमी आहे." परत बोट. "आता जास्त झाला." परत बोट! मी श्वास रोखून उभा, हललो तर थांबेल म्हणून. वाडग्याचा तळ दिसला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी काटा अडतीसच्या वर दोन रेघा! डॉक्टरीणबाई विचारतात, "काय दिलंत आजोबा?" काय सांगू?

पुढं नवा डबा आणला, गोळे जमले, चांगले मऊ. तिनं एक दाबून पाहिला, "छान झालेत हो," म्हणाली... आणि झाकून ठेवले. एक खाल्ला नाही! दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं ना!

तेव्हापासून रोज सकाळी मन लावून बिघडवतो. कधी खारट, कधी पातळ, आणि ती उठून येते, मला बोलते, आणि चाखत चाखत वाडगा संपवते. चव्वेचाळीस किलो झाली. काल शेजारीण दारातूनच म्हणाली, "आजोबा, दोन महिने झाले, अजून एक गोळा नीट जमत नाही तुम्हाला?"

म्हटलं, "नाही जमत बाई. हातच तसा, काय करणार!"