भिंतीपलीकडचा बॅकअप

अलिबागच्या स्टँडवर काशीदच्या बसची वाट बघत नलूबाय सुकटीची पाटी धरून बसली होती. शेजारी बसलेला तिच्याच गावचा लॉजवाला हितेश फोन ठेवून बरोबरच्या बायकोवर खेकसला.

"उधाणाचं पाणी ऑफिसात शिरलं. कॉम्प्युटर गेला. उद्या कोण पाहुणे येणार, कसं कळायचं?"

"बॅकअप हाय."

"कुठं?"

"निकेतभावजींकडं. तुम्हीच म्हणालात, बॅकअप बाहेर ठेव."

"भावाचं घर बाहेर कधीपासून झालं?"

"तुम्ही मधी भिंत घातलीत तेव्हापासून."

हितेशनं भावाचा नंबर काढला, फोन खिशात टाकला, परत काढला.

"वर्षभर बोललो न्हाय. काय विचारू?"

नलूबायला राहवेना. "मेल्या, पाणी काय तुझी भिंत बघून थांबलं असंल? त्याची पोरं कोरडी हायत का, ते विचार आधी."