दादांचं दोमिस्को

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, ऐंशीव्या वर्षी पोलिश येतं. एकच शब्द, पण येतो.

झालं असं, माझी मुलगी नोकरीसाठी पोलंडला जायचं म्हणून भाषा शिकतेय. एकदा जेवताना सांगत होती, "आजोबा, तिकडे शब्दाला 'इस्को' लावलं की ती वस्तू मोठी आणि बेढब होते. कुत्र्याला लावलं की आडदांड कुत्रडं. रागानं म्हणतात, कधी मायेनंही म्हणतात."

"घराला काय म्हणतात?"

"दोम."

"म्हणजे दोमिस्को," दादा म्हणाले आणि भात कालवायला लागले.

तेव्हापासून उमेळ्याची आमची बिल्डिंग म्हणजे दोमिस्को. लिफ्ट बंद पडली, दोमिस्को. टेरेस गळली, दोमिस्को. ती आमच्याच केळीच्या वाडीवर उभी आहे. वाडी बिल्डरला दिली आणि त्या बदल्यात फ्लॅट घेतले.

परवा मुलीनं विचारलंच, "आजोबा, तुम्ही रागानं म्हणता की मायेनं?"

दादा गॅलरीतून खाली पार्किंगकडे बघत होते.

"सही मीच केली ना, बाय? मग राग कोणावर काढू?"