एका हॅन्डलात चालू होणारी होडी

माझं माहेर ताडकळसच्या अंगाचं. आता मला समदे कौसामाय म्हनतात, तवा म्या नुसती कौशी व्हते. पानी म्हंजे काय ते आमाला ठावं नव्हतं बगा, हिरीवर चढायची आमच्या लोकांला मनाई, खाली घागर घिऊन बसायचं, कोनी वरून वतलं तर वतलं, न्हाई तर बसा ऊन खात. मंग पवायला कोन शिकवनार. आन अशा पोरीला बापानं दिलं कुठं, तर येलदरीच्या धरनाच्या काठाला, जिकडं बगावं तिकडं पानी. लगीन लागल्यावर सासऱ्यानं हात करून दाखीवलं, म्हनले सूनबाई, त्या तिकडं पान्याखाली आपलं जुनं गाव हाय, घर हाय, चिंचंचं झाड हाय. म्या त्या दिशी जेवले न्हाई. गावच्या गाव जिथं बुडतं तिथं आपलं काय, असं मनात आलं, आन ते भ्याव जे बसलं ते बसलं.

आमचे मालक, किसन त्यांचं नाव, एका बागायतदाराच्या हिरीवर डिझेल इंजनावर कामाला व्हते. मानूस लय मुका, पर इंजनाशी बोलायचे. सासऱ्यानं छप्पन साली धर्म बदलला, घरातले देव पान्यात सोडले, तवापून आमी बुद्धाचे. तरी गावात तसं बरं व्हतं, बाया शेतात संगं कामाला, लेकीच्या बाळंतपनाला एकमेकीकडं जायाच्या. म्हनूनच तर पुढं जे झालं ते मनाला लय लागलं. वळखीचा मानूस हातात काडी घिऊन उभा ऱ्हायला की काय व्हतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

ते नामांतराचं साल. विद्यापीठाला आमच्या बापाचं नाव द्यायचा ठराव झाला, ज्यानं आमाला मानसात आनलं त्या बापाचं, आन हिकडं खेड्यापाड्यात आग लागली. रोज खबर यायची, ह्या गावची घरं जाळली, त्या गावची मानसं पळाली. आमच्या गावात ज्यांला मानतात ते म्हनले, तुमी भिऊ नका, आपल्यात तसं न्हाई. आन एके दिशी दुपारी कडब्याची गंजी पेटली, मंग कडंची दोन घरं. बाहीरगावची मानसं व्हती तशी गावातली बी व्हती. पळावं कुठं, पुढं मानसं आन मागं पानी. समदी वस्ती पान्यात शिरली. म्या, जिला गुडघाभर पान्याचं भ्याव, म्या कमरंएवढ्या पान्यात, लेक सुमन कडंवर, दोन वर्साची, ती गळ्याला अशी आवळून बसली की मला श्वास घेता येईना. एका भोयाची वल्ह्याची होडी व्हती, देवमानूस तो, लेकरं पयले म्हनला आन दोन-चार दोन-चार लेकरं पल्याड नेऊ लागला. पर वल्ह्याची होडी किती जानार, किती येनार. ती गेली की म्या मागं बगायची, धूर, मंग पुढं बगायची, होडी अजून तिकडंच. माझी पाळी आलीच न्हाई. कामून कोनास ठाऊक, ती मानसं घटकाभरानं निघून गेली. आजवर कळलं न्हाई का गेली. ते कळलं न्हाई म्हनूनच भ्याव जात न्हाई, काय सांगू तुमाला, कारन कळलं असतं तर मानूस म्हनतो की आता तसं व्हनार न्हाई.

त्याच्या पुढं मालकाच्या डोक्यात एकच, मशीनची होडी पायजे. एका खेपंत समदी वस्ती बसली पायजे, आन मशीन एका हॅन्डलात चालू झालं पायजे. एरवी मासळी धरू, पल्याडच्या शेताला मानसं सोडू, पर घ्यायची ती त्या एका दिसासाठी. वस्तीनं पोटाला चिमटा घेतला. आमच्याकडं तसली होडी कुठं मिळनार, मंग कोनी तरी सांगितलं कोकनात जुन्या मिळतात, समिंदरावरच्या. मालक म्हनले तू बी चल. म्या म्हनलं मी कशाला. म्हनले, तुला जिच्यात बसायला भ्याव वाटनार न्हाई तीच घ्यायची.

परभनीहून गाडी, मंग येष्टी, मंग अजून एक येष्टी, घाट उतरताना म्या डोळे मिटून बसलेली. खाडीवर गेलो तर पानीच न्हाई. नुसता चिखल, आन चिखलात होड्या कलंडून पडलेल्या. मला तर बरंच वाटलं. एक शेठ आला, निळा रंग मारलेली होडी दाखीवली, नवी नवरीच. मालकानं फळ्यांत खिळा टोचून बगितला, लाकूड टनक. शेठनं हॅन्डल मारलं, एकदाच, आन मशीन धडधडायला लागलं. मालकाचं तोंड असं फुललं, लगनात बी तसं फुललं नव्हतं. मंग ते बंद करून शेठ म्हनला पावनं, तुमी बसा, बगा निवांत, मी जेवून येतो, मंग बोलू. आमी होडीतच बसलो, संगं आनलेली भाकर सोडली. मालक म्हनले बस, हीच. म्या बी म्हनलं हीच.

भाकर खाऊन म्या जरा हातपाय मोकळे करावं म्हनून काठावर गेले. मालक मशीनीपाशी. आन बगते तर चिखलातून पानी यायलंय. आभाळात ढगाचा ठिपका न्हाई, वारा न्हाई, आन पानी वाढायलंय, गुपचूप, आधी बारीक वघळीतनं, मंग समदीकडनं. आमी धरनाची मानसं. बिनपावसाचं पानी वाढतं कवा, वरून दरवाजे सोडले तर. खालच्या गावांत दरवाजे सोडायच्या आधी भोंगा वाजतो, मानसं गुरं हाकतात. हितं भोंगा बी न्हाई. म्या आरडाया लागले, ओ, दरवाजे सोडले, दरवाजे सोडले, पळा. मालकानं मान वर केली तवर होडीच्या चहूकडं पानी झालतं. त्यांला बी पवता येत न्हाई. म्या म्हनते मशीन लावा, मशीन लावा. त्यांनी हॅन्डल मारलं. मशीन खोकलं आन बसलं. परत मारलं, परत बसलं. मारतेत, घाम पुसतेत, परत मारतेत. होडी हालली, सरळ झाली, तरंगाया लागली आन मशीन काय बोलंना. मला ते खाडीबिडी कायबी दिसंना, मला धूर दिसाया लागला, कडंवर सुमन नव्हती तरी गळा आवळल्यावानी झाला. त्याच दिसासाठी होडी घ्यायला आलो आन त्याच दिसात उभे.

बाजूला एक कोळीन मासळी वाळवत व्हती. ती आधी हासली, मंग माझं तोंड बगितलं आन हासायची थांबली. जवळ येऊन हात धरला, म्हनली बाय गं, हे कुणी सोडत नाय, ही भरती, रोजची येते न् जाते. म्या म्हनलं रोज? ती म्हनली रोज. अशा ठिकानी मानसं झोपतात कशी, मला आजबी नवल वाटतं. मंग म्या तिला इचारलं, मगा तर हे मशीन एका हॅन्डलात चालू झालतं. ती इकडंतिकडं बगून म्हनली, गिऱ्हाईक यायच्या आधी तो तापवून ठेवतो. गरम मशीन कुणाचंबी चालतं, थंड असताना चालतं का ते बघ.

मालक दोरीला धरून काठाला आले. शेठ जेवून आला, म्हनला काय मंग. मालक म्हनले न्हाई. का म्हनला. मालक म्हनले हिला भ्याव वाटतंय. खरंच सांगितलं की त्यांनी.

त्या कोळनीच्या दिराची एक होडी व्हती. काळी, कुबट, रंग म्हनून न्हाई, मशीन असं म्हातारं की धूर आधी अन् आवाज मागून. मालक सकाळी गेले, रातभर थंड पडलेल्या मशीनीला हात लावून बगितला, मंग हॅन्डल मारलं. एकदाच. धाड. म्या तिच्यात जाऊन बसले. भ्याव वाटलं, पर कमी वाटलं. तीच घेतली, टरकावर घालून आनली, आन त्या टरकात येताना म्या परभनीपातूर तिच्या लाकडाला धरून बसले, जशी काय ती पळूनच जानार व्हती.

मंग वरसं गेली. होडीनं पोट भरलं, खोटं कशाला बोलू. काठावरचे समदे तिच्यात बसले, ज्यांनी आग लावली त्यांच्या बी बाया बसल्या, आजारी मानसं दवाखान्याला नेली. पर मालक रोज पहाटे मशीन थंड असताना चालू करून बगनार, आन तो आवाज आला की मंग म्या चूल पेटवनार. ठराव झाला तरी नाव काय लागंना, आन नामांतराचं कवा बी काही निघालं, मोर्चा म्हना, बंद म्हना, की वस्तीतल्या बाया गाठोडी बांधून ठेवायच्या. लेकरांला कळायचं, ते बी त्या दिशी खेळायला लांब जायचे न्हाईत. असं किती वेळा झालं, बोलवत न्हाई.

आन ह्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. रेडिओवर सांगितलं. आनंद झाला का म्हनाल तर झाला, पर आनंदाच्या आधी म्या गाठोडं बांधलं. दुसऱ्या दिशी खबर आली की अमक्या गावात बिघडलंय. वस्ती होडीकडं निघाली. मालकानं हॅन्डल मारलं, धाड, चालू. म्हाताऱ्या बसल्या, लेकरं बसली. सुमन येईना. ती आता परभनीला कालेजात, सनाला घरी आल्ती. चुलीपुढं बसून पोळ्या करत व्हती. म्या म्हनलं ऊठ. ती म्हनली आई, काल आपलं नाव लागलं आन आज आपुन पळायचं? म्या न्हाई येनार. म्या तिचा हात वढला, वरडले, म्हनलं तुला काय कळतंय, तू तवा कडंवर व्हतीस. ती म्हनली तवा कडंवर व्हते म्हनून आले. आता मला कडंवर घे की, उचलती का बग.

म्या दारात उभी. तिकडं मशीन धडधडायलंय, मालक हाका मारायलेत, आन हिकडं ही पोळी लाटायलीय. माझे पाय होडीकडं आन जीव चुलीपाशी. काय केलं असेल म्या? म्या उंबऱ्यात बसले. उभं ऱ्हाता येईना म्हनून बसले, धाडस-बिडस काही नव्हतं. मला बसलेली बगून दोन म्हाताऱ्या उतरल्या, बाकीचे न्हाई उतरले, त्यांचं बी चुकलं म्हननार न्हाई म्या. मालकानं मशीन बंद केलं न्हाई. सांज होस्तोवर ती होडी काठाला तशीच धडधडत ऱ्हायली, डिझेल जळत ऱ्हायलं, आन आमी मायलेकी आत बसून त्या आवाजावर पोळ्या खाल्ल्या. माझी एक पोळी सरंना, पर तिनं खाल्ल्या, चांगल्या दोन-तीन. कोनी आलं न्हाई.

आता सुमन परत परभनीला गेली. मालक थकले, तरी पहाटे मशीन चालू करतेत. तुमी इतक्या लांबून आलात, बसून ऐकलंत, तुमचं बी भलं व्हवो, तुमच्या लेकराबाळांला कवा पाठ करून पळायची पाळी न येवो. भ्याव गेलं का म्हनता, तर न्हाई गेलं. पर आता म्या घरात बसून भेते.