सुतळीच्या तीन गाठी

माणसाची खरी श्रीमंती त्याच्या रिकाम्या भिंतीत असते, हा विचार मला फ्रीगंजमध्ये प्लायवूडचे उरलेसुरले तुकडे विकणाऱ्या दुकानाच्या रांगेत सुचला. माझ्या हातात मोडक्या चौरंगाचा पाय होता. पुढे एक तरुण जोडपं होतं.

“ऋता, डोळे मिट. खिडकीशेजारी तीन फळ्या. खाली डबे, मध्ये पुस्तकं.”

“आणि वर आईची हार्मोनियम. पलंगाखाली किती दिवस पडून राहील बिचारी?”

“संध्याकाळचं ऊन बरोबर तिच्यावर येईल बघ. तू वाजव, मी चहा करतो.”

“पण रुचिर, फळी आजच लागली पाहिजे हं. दादा पाचला येतोय. जागा केली नसेल तर हार्मोनियम देवासला नेतो म्हणालाय. तिथं वहिनी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवेल.”

“लागेल गं. दोन अँगल, चार स्क्रू, बस! सुतारबितार काही नको.”

“मला तर आत्ताच भाता हलल्यासारखा वाटतोय.”

“भाईसाब, नाप बताओ,” दुकानदार म्हणाला. “जल्दी। आज आधा दिन है, दुकान बंद करनी है।”

“टेप नहीं है भैया, सुतली से नापा है। तीन पटिये, तीन गाँठें। ऋता, दे गं सुतळी.”

“माझ्याकडे कुठंय? दारामागे खुंटीला टांगली होती ना?”

“ती? ती मी सकाळी वापरली.”

“कशाला?”

“घर मोकळं दिसावं म्हणून रद्दी बांधली.”

“मग?”

“रद्दीवाला गाठींसकट घेऊन गेला.”