शेवट आशेचा हवा

आंतरराष्ट्रीय शाळेतल्या करिअर-मार्गदर्शक मॅडमच्या खोलीबाहेर ती कधीची ताटकळत बसली होती. तिच्या मुलाचा परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध मॅडमनी परत पाठवला होता. म्हणे त्यात संकट कमी पडतंय. आता धडधाकट घरात संकट आणायचं तरी कुठून? ती मनात चरफडत होती, तेवढ्यात एक मुलगी खोलीतून बाहेर आली आणि शेजारच्या बाकावर आपल्या वडिलांजवळ लॅपटॉप उघडून बसली.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"आईच्या आजारपणाचं छान उतरलंय म्हणाल्या. फक्त शेवट आशेचा हवा."

"मग कर की. त्यात काय एवढं?"

"काय करू? आई बरी होऊन घरी आली, असं लिहू?"

"लिही."

"बाबा, खोटं आहे ते."

"अगं, तिकडून कोण बघायला येणार आहे?"

"सकाळी डॉक्टरांनी तुम्हाला एकट्यालाच आत का बोलावलं?"

"औषधं बदलायची म्हणत होते."

"एवढा वेळ?"

"आज शेवटची तारीख आहे ना? आधी हे हातावेगळं कर."

"माझ्याकडे बघून बोला ना, बाबा."

"तू लिही गं."

बराच वेळ नुसती लॅपटॉपची बटणं वाजत राहिली.

"झालं. वाचू?"

"वाच."

"'आता संध्याकाळी आईच दार उघडते, आणि एवढा उशीर का केलास म्हणून माझ्यावर ओरडते.' चालेल?"

वडिलांनी चष्मा काढून हातात घेतला.

"बाबा? पाठवू का?"

"थांब. पुन्हा एकदा वाच."